वळेल, पण सुटणार नाही

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली 'पक्के' म्हणते. हे त्यांचं आडनाव नाही आणि कौतुकही नाही. त्यांना मात्र ते कौतुक वाटतं, आणि त्यांचा समज मोडायला कोणी जात नाही. भाऊजींचं काहीच मोडत नाही, समजसुद्धा.

भाऊजी वेल्डर आहेत. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि माझ्या दुकानाचा शेजारी, अशी दुहेरी शिक्षा मला झालेली आहे. मी गाड्यांच्या सीटा शिवतो. त्यांच्या अंगणाला लागून असलेल्या आमच्या दोन दुकानांमध्ये पत्र्याची भिंत आहे आणि तिला खालून फट आहे. त्या फटीतून त्यांच्या ठिणग्या माझ्याकडे येतात आणि माझ्या रेक्झिनला भोकं पाडतात. तक्रार केली की ते म्हणतात, फट बुजवून देतो, पक्की. मी नको म्हणतो. का नको, ते पुढे कळेल.

माणूस कामाला चोख, हे मी शत्रूसमोरही कबूल करीन. त्यांनी जोडलेला सांधा आजवर उकललेला नाही. पण देवाने हात देताना कुठेतरी हिशेब चुकवला असावा, कारण भाऊजींना हलणारी वस्तू बघवत नाही. कुठे खडखड ऐकू आली की त्यांचं डोकं उठतं. जगातल्या वस्तूंचे त्यांच्या मते दोनच प्रकार आहेत, पक्क्या आणि अजून पक्क्या व्हायच्या राहिलेल्या.

घरात घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. एकदा एक पाहुणे बसले असताना खुर्ची मिटली आणि पाहुणेही तिच्याबरोबर मिटले. भाऊजींनी सगळ्या खुर्च्या अंगणात उघडून मांडल्या आणि सांधे वेल्ड करून टाकले. आता त्या मिटत नाहीत हे खरंच, पण त्या दारातून आतही येत नाहीत. त्यामुळे पाहुण्यांना अंगणात उन्हात बसावं लागतं आणि पाहुणे लवकर उठतात. भाऊजींच्या मते हा खुर्च्या भक्कम असल्याचा पुरावा आहे. समोरच्या रिटायर्ड कारकुनाचं फाटक कुरकुरत होतं, तेही असंच दुरुस्त झालं. कुरकुर थांबली आणि उघडणंही थांबलं. बिचारा कारकून त्या वयात धोतर सावरत, नव्हे, पँट सावरत फाटकावरून उड्या मारायचा. घरातली छत्री तेवढी बचावली. तिच्या काड्या वेल्डिंगला फार बारीक पडल्या.

त्या फाटकानंतर गिऱ्हाईक शहाणं झालं. भाऊजींकडे काम टाकताना लोक खिशात खडू घेऊन यायला लागले. जो भाग हलायला हवा त्यावर खडूने फुली मारायची, म्हणजे तिथे वेल्डिंगचा रॉड लावायचा नाही. हळूहळू तो दुकानाचा नियमच झाला. फुली म्हणजे हात लावू नका. भाऊजींनीही तो पाळला, नाराजीने का होईना. फुलीकडे ते अशा नजरेने बघायचे, जसं मधुमेही माणसाने शेजारच्या ताटातल्या गोडाकडे बघावं.

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. पुसल्याशिवाय रॉड लावायचा नाही. गंज, रंग, तेल, धूळ, सगळं आधी साफ करायचं, लोखंड चकचकीत दिसायला हवं, तरच सांधा धरतो. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. एकदा एक जण नुसता पत्ता विचारायला थांबला होता, त्यालाही ऐकवलं.

आता ताईच्या गाडीबद्दल सांगायला हवं. लग्नानंतर काही वर्षांनी ताईने चाकांची एक हातगाडी केली होती. तिच्यावर सुया, दोरे, बटणं, इलास्टिक मांडून ती गल्लोगल्ली फिरायची. गाडी ढकलताना ती गाणं म्हणायची, हे मला अजून आठवतं, कारण तिचा आवाज चांगला नाही. एक दिवस उतारावर गाडी आपल्या आपण सुटली आणि एका भिंतीला जाऊन टेकली. रिळं सांडली, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी गाडीची चाकं वेल्ड केली. आता सुटणार नाही, म्हणाले. गाडी खरोखरच सुटली नाही. ती अंगणात उभी राहिली आणि तिच्यावर फुलांच्या कुंड्या आल्या. ताई काही बोलली नाही आणि भाऊजींनी तो होकार धरला. मला त्या गाडीकडे बघून आजही राग येतो. कुंड्या छान आहेत, ती गोष्ट वेगळी.

ह्या घरात एक मुलगी वाढली, माझी भाची. तिला पहिल्यापासून उंचावर चढायची हौस. आता ती झाडं कापते. कमरेला दोर बांधून शेंड्यापर्यंत चढते, वाळलेल्या फांद्या उतरवते, वादळात पडलेली झाडं हलवते. भाऊजी लोकांना सांगतात की ती बागकामात आहे. लोकांना वाटतं, ती गुलाबाला पाणी घालते.

तिने एक जुना ट्रक घेतला. मागे नुसता सपाट हौदा, कडेला फळ्या नाहीत, म्हणजे ओंडके चढवायला सोपा. फांद्यांचा भुगा करणारं एक यंत्रही घेतलं, ते दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेलं होतं. मग तिला काम मिळालं, लांबच्या एका शहरातल्या मोठ्या बागेचं. पूर्ण हंगामाचं काम, राहायला खोली, आणि नीट झालं तर पुढेही तिथेच. अट एकच होती. यंत्र बागेत सोडायचं आणि मोकळा ट्रक घेऊन आजूबाजूच्या अरुंद रस्त्यांतून लाकूड आणायचं. दिवसातून कितीदा तरी जोडायचं आणि सोडायचं.

त्यासाठी ट्रकच्या मागे रिसीव्हर हिच बसवायला हवा होता. हे काही मोठं प्रकरण नाही. ट्रकच्या चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, खालून एक चौकोनी पोकळ नळी पक्की करायची. तिच्यात एक दांडा सरकतो आणि आडवी पिन घातली की तो अडकतो. दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्यावर ट्रेलरचं वाटीसारखं तोंड बसतं आणि वरची कळ दाबली की धरून राहतं. कळ उचलली की ट्रेलर सुटला, पिन काढली की दांडाही निघाला. म्हणजे नळी पक्की आणि बाकी सगळं मोकळं. भाऊजींच्या दृष्टीने ही वस्तू निम्मी बरोबर होती.

भाची दुसऱ्या कुठल्याही वेल्डरकडे जाऊ शकली असती. मी तिला तसं सुचवलंही. ती म्हणाली, मामा, बाबांना काय वाटेल? जाण्याबद्दल बापलेकींचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. तिला वाटलं असावं की हिच करून दिला म्हणजे बाबांनी जा म्हटल्यासारखं होईल. मलाही तसंच वाटलं, आणि माझा तर अशा बाबतीत हातखंडा आहे, चुकण्याचा.

तिने पिनेवर एक फुली मारली, कळेवर एक फुली मारली, ठळक, आणि म्हणाली, "बाबा, ह्या दोन गोष्टी हलल्या पाहिजेत. थोडं खडखडलं तरी चालेल."

"खडखडू दे की," भाऊजी म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

काम मात्र बघण्यासारखं झालं. त्यांनी आधी ट्रकची बॅटरी सोडवली. मग ट्रकखाली पाठीवर सरकून चॅसी घासून घासून अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. नळी दोन्ही बाजूंनी मापून बरोबर मधोमध धरली, शिकंज्यात आवळली, चार कोपऱ्यांना टाके मारले, पुन्हा मापली, अर्ध्या केसाएवढी डावीकडे निघाली म्हणून टाके तोडून पुन्हा मारले. मग डोळ्यांवर वेल्डिंगची काच ओढून रेघ भरायला लागले. वरची काळी खपली हातोडीने ठोकून काढल्यावर खाली जी रेघ निघाली तितकी एकसारखी शिवण मला मशीनवरही जमणार नाही. ताई दारात उभी राहून बघत होती. भाऊजींनी ट्रकखालून मान काढून तिला विचारलं, कसं झालंय? ताई म्हणाली, तुमचं काय, चांगलंच होतं. ह्या उत्तराला दोन बाजू होत्या, त्यांनी नेहमीप्रमाणे वरची घेतली.

संध्याकाळी भाचीने ट्रेलर जोडून गल्लीत एक चक्कर मारली. नळीत दांडा खडखडला. कुठल्याही हिचमध्ये खडखडतो तेवढाच. भाऊजी कोपऱ्यापर्यंत ट्रकमागून चालत गेले, कान देऊन, आणि परत आले ते दात दुखत असल्यासारखा चेहरा करून. जेवतानाही त्यांचं लक्ष नव्हतं. भाची पहाटे निघणार होती. ती आणि ताई आतल्या खोलीत सामान भरत बसल्या, आणि भाऊजी अंगणात जाऊन येतो म्हणून उठले.

पहाटे ट्रक निघाला. अजिबात आवाज न करता निघाला. भाची घाईत होती, कळ लागलेली दिसली, निघाली. ताईने डोळे पुसले. भाऊजी म्हणाले, बघ, कसा जातोय, गप्प. मला वाटलं ते मुलीच्या जाण्याने हळवे झालेत.

ती त्याच दिवशी संध्याकाळी परत आली, ट्रेलरसकट.

अंगणात ट्रक थांबल्याचा आवाज ऐकून भाऊजी पळत बाहेर गेले. त्यांचा चेहरा उजळला होता हे मी स्वतः बघितलं, कारण मीही दुकानातून पळत आलो होतो. ते म्हणाले, आलीस का, तुझ्या आईला सांगतो भात लाव म्हणून. जणू पोरगी कोपऱ्यावर साबण आणायला गेली होती.

भाची खाली उतरली. दिवसभराच्या धुळीने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. बागेत पोचल्यावर तिथल्या मुकादमाने यंत्र कुठे सोडायचं ती जागा दाखवली. तिने कळ उचलायला हात घातला, कळ उचलेना. पिन ओढली, पिन निघेना. दोन्हीवर काळा ताजा रंग होता. रंग खरवडला तर खाली रेघ, एकसारखी, सुंदर. बागेतले माळी गोळा झाले. एकाने विचारलं, हे असंच विकत मिळतं का? सगळे हसले. मुकादम हसला नाही. तो म्हणाला, उद्या सकाळी मोकळा ट्रक घेऊन उभी राहिलीस तर काम तुझं, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

भाऊजींना हे ऐकून जराही अपराधी वाटलं नाही. उलट ते ट्रकच्या मागे गेले आणि सांध्यावरून हात फिरवून त्याची तब्येत पाहू लागले. म्हणाले, "वळताना त्रास झाला का? नाही ना? गोळ्याला मी हात लावलेला नाही. वळेल, पण सुटणार नाही, असं केलंय. एवढं महागाचं यंत्र, रस्त्यात कोणी सोडवून नेलं म्हणजे?"

भाऊजींना आपण काय बोललो ते कळलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी हे मुद्दाम तिला परत आणायला केलं होतं का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. मला वाटतं, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. खडखड सहन होत नव्हती एवढंच त्यांना माहीत होतं. कसली खडखड, हे बघायला त्यांनी आयुष्यात कधी काच वर केली नाही.

"मी फुल्या मारल्या होत्या," भाची म्हणाली.

"दिसल्या नाहीत. अंधार होता," भाऊजी म्हणाले.

तेव्हा ताई पुढे आली. माझी ताई भांडत नाही. इतक्या वर्षांत मी तिचा चढलेला आवाज ऐकलेला नाही, आणि त्या दिवशीही तो चढला नाही. ती म्हणाली, "पुसल्याशिवाय रॉड लावायचा नाही, असं तुम्हीच सगळ्या जगाला सांगता. मग पुसून काय काढलंत? गंज तर नव्हता, पिन नवी होती."

भाऊजींना त्यांच्याच नियमाने पकडलं होतं. न पुसता रॉड लावला, असं म्हणावं तर कारागिराची अब्रू जाते. पुसून लावला, असं म्हणावं तर बापाची. आणि खरं सांगतो, ते काही क्षण विचार करत होते की ह्यातली कुठली जाऊ द्यावी.

"माझ्या गाडीवर फुली मारायचं मला सुचलं नव्हतं," ताई म्हणाली. "हिला सुचलं होतं. तुम्ही ती पुसलीत."

मला रडू आलं. मी सीटा शिवणारा माणूस, मला सहसा रडू येत नाही.

भाची दुकानात गेली आणि लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आली. वायर जोडून तिने तो भाऊजींसमोर धरला. म्हणाली, "बागेत कटर होता. ते लोक कापून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. ज्याने जोडलं त्यानेच कापायचं."

भाऊजींनी आजवर लोकांचे सांधे खूप कापले होते. स्वतःचा एकही नाही. ते आधी भाचीला म्हणाले, मामाला सांग, तो धरेल. मी हात मागे बांधले. मग म्हणाले, सकाळी उजेडात करू. भाचीने अंगणातला दिवा लावला. मग म्हणाले, चकती पातळ आहे. भाचीने खिशातून नवी चकती काढली. शेवटी ते गुडघ्यावर बसले.

सांधा इतका चांगला होता की कापता कापेना. चकती झिजली, दुसरी लावली. ठिणग्या त्यांच्या छातीवर उडत होत्या आणि ते मधूनमधून थांबून म्हणत होते की असा सांधा आता कोणी करत नाही. ते खरंही होतं. कळ मोकळी झाली तेव्हा त्यांनी ती वर उचलून पाहिली, खाली सोडून पाहिली. पिनेला जास्त वेळ लागला. ती निघाली तेव्हा कामातून गेली होती. भाचीने ट्रकमधून दुसरी काढली. तिने एक जादा पिन घेऊन ठेवली होती. मुलगी बापाला ओळखून होती, तरी त्याच्याकडे आली होती. हे भाऊजींच्या लक्षात आलं, कारण ते बराच वेळ त्या नव्या पिनेकडे बघत राहिले.

तिने नव्या पिनेवर फुली मारली, भाऊजींच्या डोळ्यांदेखत, आणि खडू ताईच्या हातात दिला. भात खाऊन ती लगेच निघाली. ह्या वेळी दांडा नळीत खडखडत होता. आम्ही फाटकात उभे होतो. खडखड कोपऱ्यापर्यंत ऐकू आली, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतही थोडी ऐकू आली. भाऊजींच्या गालाचा स्नायू प्रत्येक खड्ड्याला उडत होता.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, काम मिळालं म्हणून. ताईने फोन ठेवला आणि अंगणात गेली. तिने हातगाडीवरच्या कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या आणि भिंतीशी मांडल्या. मग पदराच्या गाठीतून खडू काढला आणि गाडीच्या एकेका चाकावर फुली मारली. भाऊजी दुकानाच्या दारातून बघत होते.

"आता ह्या गाडीचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

ताई पायरीवर बसून शेंगा सोलायला लागली. तिला कसलीच घाई नव्हती. भाऊजींनी इकडे तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी टाका घालत होतो, माझं लक्षच नव्हतं, असं मी दाखवलं. शेवटी ते आपणहून ग्राइंडर घेऊन आले.

जुने सांधे, वर इतक्या वर्षांच्या कुंड्यांच्या पाण्याचा गंज. गंजून ते अधिकच घट्ट झाले होते. दुपार झाली. चाकं सुटली तेव्हा भाऊजी तेल आणायला आत गेले, आणि ते बाहेर यायच्या आत ताईने गाडीला हात लावला होता. गाडीवर एक दोरा नव्हता, एक बटण नव्हतं. चाकं अशी कुरकुरत होती की माझ्याही दाताला शिरशिरी आली.

"अगं, थांब, तेल तरी घालू दे," भाऊजी म्हणाले. "आवाज करतंय. कुठे चाललीस?"

"कोपऱ्यावरून वळून येते," ताई म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

भाऊजी तेलाचा डबा हातात धरून फाटकात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. मी म्हटलं, भाऊजी, चला, चहा घेऊ. त्यांनी मला हाताने गप्प केलं. ते कान देऊन ऐकत होते. लांब कुठेतरी चाक कुरकुरत होतं, आणि ते थांबू नये असं आमच्या भाऊजींना त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.